वळिवड्याची चूल

आमच्या हिंगोलीकडे 'रझाकाराच्या वक्ताला' असं म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होत. माझी आजी मात्र बोलायची. १९४८ साली तान्ह्या पोराला पोटाशी धरून ती पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली होती. पण ती सांगे ते पळण्याचं नव्हे. परक्याच्या ओसरीला तिनं तीन दगड मांडून चूल पेटवली, त्याचं. "चूल पेटली, तवा वाटलं, आता जगतो आपण."

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकीकत पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला ती चूल आठवली.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरनं आणि पूर्वेकडून स्टालिननं घाला घातला. हिटलरनं लाखो ज्यूंचा संहार केला, हे आपण शाळेत शिकतो. पूर्व पोलंडचं काय झालं, ते आपल्याला कुणी शिकवलं नाही. (वळिवड्याच्या लोकांना सरसकट 'हिटलरचे बळी' म्हणतात, ते म्हणून बरोबर नाही.) फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवली गेली. थंडी, उपासमार, जंगलात लाकूडतोड. कित्येक तिथंच गेले. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, रशियाला मित्र हवे झाले आणि या माणसांची सुटका झाली. वाचले ते इराणला पोचले. त्यांतले काही हिंदुस्थानात आले.

जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मोठी वसाहत मात्र १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, आपल्या वळिवड्याला उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं. बहुतेक बायका आणि मुलं. कर्ते पुरुष सैन्यात, नाहीतर कायमचे गेलेले.

लांबच लांब बराकी. पण त्या माणसांनी तिथं शाळा चालवल्या, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं उभं केलं. बर्फात भाऊ-बहिणी गमावलेली पोरं पंचगंगेच्या काठी पुन्हा व्याकरण घोकू लागली, परीक्षेला घाबरू लागली. मला हे घाबरणं फार मोलाचं वाटतं. ज्याला उद्या जगू की नाही याची खात्री नाही, तो गणिताच्या पेपरला कशाला भिईल?

युद्ध संपलं, पण त्यांचं पूर्व पोलंड रशियाकडेच राहिलं. बहुतेकांना जायला घर नव्हतं. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी कुठं. एक मुलगी कोल्हापूरची सून होऊन इथंच राहिली. पुढे त्यांतली कित्येक मुलं म्हातारपणी बालपणाचं गाव बघायला परत आली. २०१९ मध्येही आली होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

मी गेलो तेव्हा बराकी शोधत होतो. सापडलं ते गांधीनगर. पोलिश माणसं निघाली आणि त्याच जागेत फाळणीत सिंध सोडून आलेले लोक उतरले. आज तिथं कापडाची मोठी बाजारपेठ आहे. एका दुकानात मी जुन्या वस्तीबद्दल विचारू लागलो. गल्ल्यावरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "ते नंतर सांगतो, आधी चहा घ्या."

चहा झाला. मग आईसाठी एक नऊवारी घेतली. त्यांनी भाव कमी केला नाही.