भुयारांतला किल्ला

आजच्या अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, भुईकोटाला भुयाराची ओळख झाली ती वैऱ्याकडून. इ. स. १५९५-९६ च्या वेढ्यांत मोगलांनीं तटाखालीं सुरुंग खणले. चांदबिबीच्या माणसांनीं त्यांतले कांहीं शोधून निकामी केले. पण एकानें तटाला खिंडार पाडलेंच. तें तिनें स्वतः उभें राहून रातोरात बुजवून घेतलें. भुयार म्हणजे किल्ल्याचा काळच!

पुण्याच्या मेट्रोनें या दोघांची सोयरीक जुळविली आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजीं खुल्या झालेल्या मार्गावरील शिवाजीनगरच्या भूमिगत स्थानकाला शिवकालीन किल्ल्याचें रूप दिलें आहे. थाट देखणा खरा. परंतु किल्ल्याचा तट प्रत्यक्ष शत्रूला अडवी. येथें मातीचा दाब सोसतें तें काँक्रीट. किल्ला हें केवळ लेणें.

त्याच्या पुढचें जिल्हा न्यायालयाचें स्थानक ३३.१ मीटर खोल आहे. वास्तुकला म्हणावी ती खरी येथें. छताची रचनाच अशी कीं, सूर्यप्रकाश थेट फलाटावर उतरतो. तटाखालीं अंधारांत सुरुंग खणणाऱ्यांना जें लाभलें नाहीं, तें ऊन येथें गाडीची वाट पाहणाऱ्याच्या पायाशीं येतें.