एकच सुटका, दोनदा

एडविन पोर्टरचा ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ १९०३ साली आला. शेवटी आगीतून एका बाईची आणि तिच्या मुलाची सुटका होते, आणि ती दोनदा होते. आधी सगळी खोलीच्या आतून: बंबवाला दारातून येतो, खिडकी फोडतो, बाईला उचलून शिडीवरून नेतो, मुलासाठी परततो. मग तीच सुटका पहिल्यापासून पुन्हा, बाहेरून.

याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. तेव्हाचा प्रेक्षक मॅजिक लँटर्नच्या खेळांवर वाढलेला होता. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ होतीच. तिथं एक चित्र म्हणजे एक पुरा प्रसंग. फ्रेंच चित्रपटकार मेलिएसच्या १९०२ च्या चंद्रसफरीच्या चित्रपटातलं यानही चंद्रावर दोनदा उतरतं, एकदा चंद्राच्या डोळ्यात आणि मग जमिनीवर.

तरीही कित्येक वर्षं सलग संकलनाचं, म्हणजे हालचाल न तुटू देता शॉट जोडण्याचं, श्रेय पोर्टरला मिळत राहिलं. अभ्यासकांसमोरच्या प्रिंटमध्ये आतले-बाहेरचे तुकडे आलटून पालटून जोडलेले होते. ती कात्री नंतरच्या कुणाची तरी. मूळ क्रम वाचला तो कागदावर. १९१२ पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा वेगळा वर्गच नव्हता. म्हणून निर्माते अख्खी फिल्म कागदी पट्टीवर छापून छायाचित्रं म्हणून नोंदवत. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या त्या पट्टीत सुटका दोनदाच आहे.

आणि त्याआधीच, १९०१ मध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या होव्ह गावी जेम्स विल्यमसनने ‘फायर!’ केला होता. त्याचा बंबवाला पेटलेल्या खोलीतून माणसाला घेऊन खिडकीतून निघतो, तिथंच कट, आणि पुढच्या शॉटमध्ये दोघं घराबाहेर शिडीवर. हालचाल एकच, क्षण एकच.

सेसिल हेपवर्थच्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ने (१९०५) दिशा सांभाळली. पळवलेल्या बाळाला शोधायला कुत्रा रस्त्याने धावतो, कोपरा वळतो, नदी पोहून जातो; परतताना त्याच जागा, उलट दिशेने. दिशा चुकली असती तर तो बाळाकडे चाललाय की घराकडे, हे कळलंच नसतं. हॉलिवूडची पुढची १८० अंशांची रेषा, म्हणजे कॅमेरा हालचालीच्या एकाच बाजूला ठेवण्याचा नियम, ही हीच काळजी. प्रतींना मागणी इतकी, की निगेटिव्ह झिजली आणि सिनेमा पुन्हा चित्रित करावा लागला.

अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने १९०९ च्या ‘द लोनली व्हिला’त कटांना वेग आणि धास्ती दिली, ते मोठेपण त्याचंच. पण आज हाती असलेल्या फिल्म पाहता, सलग हालचालीच्या कटासाठी नाव घ्यायचं ते आधी विल्यमसनचं. आपल्या चित्रपट-अभ्यासाच्या वर्गांत पोर्टरच्या आधी ‘फायर!’ दाखवावा. तो जेमतेम पाच मिनिटांचा आहे.