पाच काडतुसांची बंदूक आणि एक लाकडी दांडी



हरभरा घाटे भरायला लागलाय आणि नाल्याकडच्या चार तासांत रानडुकरांनी कुळव फिरवल्यासारखं करून ठेवलंय. परवा जागलीला शेकोटीपाशी बसलो होतो. शेजारच्या पोरानं मोबाईलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. माणूस खांद्याला बंदूक लावतो, चाप ओढतो, धाड. परत ओढतो, धाड. मध्ये काही भरायचं नाही, काही खेचायचं नाही. पोरगं म्हणालं, "काका, असली एक आपल्याला मिळाली तर एका रात्रीत रान मोकळं."

मी तेव्हा हसून सोडून दिलं. पण या बंदुकीचा इतिहास मी वाचलेला आहे आणि त्याच्या म्हणण्याचं उत्तर त्यातच आहे. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, बंदुकीची.

वाया जाणारा धक्का

अमेरिकेच्या युटा राज्यात ऑग्डेन नावाचं गाव आहे. तिथे 1855 साली जॉन ब्राउनिंग जन्मला. बाप बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, पोरगं दुकानातच वाढलं. बंदूक उडाली की खांद्याला धक्का बसतो, हे ज्यानं एकदा बार काढलाय त्याला सांगायला नको. तो धक्का म्हणजे वाया जाणारी ताकद. ट्रॅक्टरला पीटीओ नसता आणि इंजिन नुसतंच फिरत राहिलं असतं, तसं. ब्राउनिंगनं ठरवलं की रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि नवं आत भरायचं काम या धक्क्याकडूनच करून घ्यायचं. 1900 साली त्याला त्याचं पेटंट मिळालं.

रचना अशी. बार उडाला की बंदुकीची नळी आणि तिच्या मागचा बोल्ट, दोन्ही एकमेकांना अडकलेले, एकत्र मागे सरकतात. मागे गेल्यावर बोल्ट तिथेच अडकून राहतो आणि नळी स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाते. त्या फटीतून रिकामं काडतूस बाहेर उडतं. खालच्या नळीतून नवं काडतूस वर येतं, बोल्ट सुटतो आणि त्याला आत ढकलून बंद होतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. पण पुढच्या बारासाठी चाप परत ओढावाच लागतो. म्हणून हिला अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पडतो ती मशीनगन वेगळी.

ब्राउनिंग ही बंदूक घेऊन विंचेस्टर कंपनीकडे गेला. आधीची बरीच डिझाइनं त्यानं त्यांनाच ठोक रकमेला विकली होती. या वेळी तो म्हणाला, प्रत्येक बंदुकीमागे माझा वाटा द्या. कंपनी नाही म्हणाली. मग तो रेमिंग्टनच्या दारात गेला. 8 जानेवारी 1902 ला तो तिथे भेटीची वाट बघत बसलेला असताना आतून निरोप आला की कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली वारले. शेवटी तो बोटीनं बेल्जियमला गेला. हेरस्टाल गावातल्या एफएन कारखान्यानं ती बनवायला घेतली. पुढे तिचं नाव पडलं ऑटो-5, कारण चार काडतुसं खालच्या नळीत आणि एक वरच्या नळीत, अशी पाच. 1905 पासून रेमिंग्टननंही परवाना घेऊन अमेरिकेत तीच बंदूक काढली. शतक संपत आलं तरी ऑटो-5 बनत होती.

कडी फिरवायचं विसरलं की

आता बिघाडाचं. आपल्या मळणी यंत्राला ज्वारीची सेटिंग वेगळी आणि हरभऱ्याची वेगळी. सेटिंग न बदलता घातलं तर दाणा फुटतो नाहीतर भुसात जातो. या बंदुकीचं तेच.

हलकं काडतूस कमी धक्का देतं, भारी काडतूस जास्त. म्हणून ब्राउनिंगनं खालच्या नळीवर स्प्रिंगच्या पुढे ब्रेकसारखी एक कडी बसवली, ब्रॉन्झची. तिच्या सोबत पोलादाची एक उतरत्या कडेची कडी. भारी काडतूस वापरायचं तर पोलादी कडी ब्रॉन्झच्या कडीला टेकवायची, म्हणजे ती आवळली जाते आणि नळीला ब्रेक लागतो. हलकं वापरायचं तर तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला ठेवायची, म्हणजे ब्रेक सैल.

भारी सेटिंगवर हलकं काडतूस घातलं तर नळी पुरती मागे जात नाही, रिकामं काडतूस अडकतं. लोक म्हणतात बंदूक खराब. हलक्या सेटिंगवर भारी काडतूस वर्षभर उडवलं तर लोखंडावर लोखंड आदळतं, खांदा दुखतो आणि पुढचं लाकूड तडकतं. तेलाचंही तसंच. सगळी यंत्रं तेल मागतात म्हणून नळीवर ओतलं तर कडी घसरते, ब्रेक लागतच नाही. ब्रेकच्या ड्रमला कोणी ग्रीस लावतं का?

अजून एक जुना घोळ. 16 गेजच्या जुन्या बंदुका आखूड काडतुसासाठी, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटरच्या मापाला बनवलेल्या. पुढे बाजारात पाऊणेतीन इंची, म्हणजे 70 मिलिमीटरची आली. ती आत बसतात. पण उडाल्यावर तोंड उलगडून लांब होतात आणि बाहेर पडायच्या खिडकीत अडकतात. आत बसलं म्हणजे चाललं, असं नसतं. जाणकार कारागीर त्या बंदुका नव्या मापाला करून देत.

आणि एक जिवावरची गोष्ट. ब्राउनिंगची पेटंटं इतकी पक्की होती की विंचेस्टरला त्यांना वळसा घालून बंदूक काढायला 1911 साल उजाडलं. त्या बंदुकीला बोल्ट ओढायची मूठच नव्हती. नळीवर खरबरीत पट्टा होता, तो धरून नळीच मागे दाबायची. तेव्हाची काडतुसं कागदी. ओलीनं फुगली की आत अडकायची. मग माणूस दस्ता जमिनीला टेकवायचा आणि दोन्ही हातांनी नळी खाली रेटायचा, तोंड नळीच्या वर. अडकलेलं काडतूस तेवढ्यात उडालं की संपलं. लोकांनी त्या बंदुकीचं नाव ठेवलं 'विधवा करणारी'. मूठ एक इंचाची, पण ती नसली तर काय होतं बघा. चालू मळणी यंत्रात हात घालून पेंढी ढकलणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

पुढे 1963 साली रेमिंग्टनची 1100 आली. ती धक्क्याऐवजी नळीतल्या भोकांमधून निघणाऱ्या वायूच्या दाबावर चालते. कड्यांची उलटापालट गेली. पण काजळी साफ करणं आणि रबरी ओ-रिंग बदलणं आलं. दहा रुपयांचं वायसर गेलं की फवारणी पंप दाब धरत नाही, अगदी तसंच तिचं.

दांडी कुठून आली

आता मूळ मुद्दा.

ही बंदूक आली त्या काळात अमेरिकेत बाजारासाठी पक्षी मारणारे लोक होते. बदकं मारायची, पिंपात भरायची, शहरात विकायची. त्यात हाताशी पाच बार. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांनी या बंदुकांविरुद्ध रान उठवलं आणि 1913 साली त्यावर पुस्तकात लिहिलं. पेनसिल्व्हेनिया राज्यानं तर 1907 सालीच शिकारीला ही बंदूक बंद केली होती. 1918 च्या कायद्यानं स्थलांतरित पक्ष्यांची बाजारासाठीची शिकार देशभर बंद झाली.

मग 1930 नंतरचा मोठा दुष्काळ आला. उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यातली डबकी आटली, आणि बदकं तिथेच अंडी घालतात. बरीच डबकी तर शेतकऱ्यांनी आधीच चर काढून वाहितीखाली आणली होती. बदकांची संख्या कोसळली. तेव्हा वन्यजीव खात्याच्या प्रमुखपदी बसला डार्लिंग नावाचा आयोवाचा एक व्यंगचित्रकार. 1934 साली बदकाच्या शिकाऱ्याला एक डॉलरचं तिकीट सक्तीचं झालं आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला लावला. पहिल्या तिकिटाचं चित्र डार्लिंगनंच काढलं.

1935 साली नियम आला: स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं. बंदूक तीच, कारखाना तोच. फक्त खालच्या नळीत एक लाकडी दांडी सरकवायची, म्हणजे चारऐवजी दोनच मावतात. अट एवढीच की बंदूक खोलल्याशिवाय ती दांडी निघता कामा नये. जगातल्या एका हुशार कारागिरानं डोकं लावून पाच बारांची सोय केली आणि सरकारनं पेन्सिलीएवढ्या लाकडानं तिला लगाम घातला. मला तरी हा त्या बंदुकीतला सगळ्यात मोठा फेरबदल वाटतो.

दांडी परत काढली

गोष्ट इथे संपत नाही. कॅनडाच्या उत्तरेला अंडी घालणारे पांढरे हंस हिवाळ्याला अमेरिकेत उतरतात. पूर्वी त्यांचं खाणं किनाऱ्याच्या दलदलीतलं. मग भाताची आणि मक्याची शेती वाढली, हार्वेस्टरच्या मागे दाणा शेतात सांडायला लागला आणि हंसांना हिवाळाभर फुकट खुराक मिळाला. हंस बेसुमार वाढले. उन्हाळ्यात उत्तरेला हडसन उपसागराच्या काठी जाऊन ते गवत मुळासकट उपटून खायला लागले. जमीन उघडी पडली, बाष्पीभवन वाढलं आणि खालचे क्षार वर आले. जमीन खारवट झाली, मग तिथे गवतही धरेना. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग 1999 साली अमेरिकेनं त्या हंसांपुरता खास हंगाम ठेवून नियम उलटा केला. दांडी काढा, पाहिजे तेवढी काडतुसं भरा.

म्हणजे 1935 ला दांडी घातली तीही बरोबर आणि 1999 ला काढली तीही बरोबर. दोन्ही वेळा कोणाची हौस किंवा कोणाचा राग बघून ठरवलं नव्हतं. पक्षी मोजून ठरवलं होतं. आणि मोजायला तिकिटाचा पैसा होता, 1937 पासून बंदूक-काडतुसांवरच्या कराचाही पैसा होता.

मग डुकरांचं काय?

शेजारच्या पोराचा प्रश्न हाच. अमेरिकेतही रानटी डुकरं आहेत आणि ती पिकं उलथतात. टेनेसी राज्यानं 1999 सालीच डुकरांची शिकार राज्यभर खुली केली. डुकरं कमी व्हायला हवी होती. झालं उलटं. शिकारीच्या हौसेपायी लोकांनीच डुकरं धरून नव्या भागात नेऊन सोडली आणि ती जिथे नव्हती तिथेही पसरली. 2011 साली राज्यानं ती हौशी शिकार बंद केली. जमीनमालकाला आपल्या शेतात बंदोबस्त करायची मुभा ठेवली. आज तिथले जाणकार सांगतात की एक-दोन मारून उपयोग नाही, उरलेला कळप हुशार होतो आणि रात्रीच यायला लागतो. पिंजऱ्यात अख्खा कळप एकदम धरावा लागतो. पाच बारांच्या बंदुकीनंही अख्खा कळप पडत नाही.

आपल्याकडचं थोडक्यात. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. ती पुरत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. नळी परस्पर कापून आखूड करणं गुन्हा आहे. आणि परवाना हातात असला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी नसेल तर डुकरावर बार काढता येत नाही. पीक नासणाऱ्या जनावराबाबत ती परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

पण परवानगी मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो: किती डुकरं, कुठून येतात, किती नुकसान? तिथे आपण गप्प. "लई आहेत साहेब," एवढंच आपलं उत्तर. गेल्या वर्षी मी स्वतः असाच गप्प बसून परत आलोय, म्हणून बोलतोय. मोजल्याशिवाय दांडी घालायची की काढायची हे कोणालाच ठरवता येत नाही, तिथेही आणि इथेही.

त्या पोराला मी काल वही दिली. आता जागलीला आम्ही मोबाईल कमी बघतो. पहिली नोंद त्याच्याच अक्षरात आहे: "रात्री पावणेदोन. नाल्याकडून. मोठी चार, पिल्लं पाच. हरभऱ्याचे दोन तास गेले. बॅटरी मारल्यावर पळाली."

तुमच्या शिवारात काय दिसतंय ते लिहून ठेवा. आकडे जमले की चार गावं मिळून बोलू.