एका पैशाची ओळख

मंडळी, धंदा उभारू पाहणाऱ्या माणसाला आपली ओळख थोडक्यात करून द्यावी लागते. समोर बँकेतला साहेब असो, मोंढ्यातला आडत्या असो की बचत गटाची सभा असो, ऐकणाऱ्यापाशी वेळ थोडाच असतो. आमच्या कामगार चळवळीतही तेच. पाळी सुटली की कामगार घराच्या ओढीने निघतो. तो सायकलवर टांग टाकेपर्यंत जे सांगून होईल, तेवढेच आपले. अशा वेळी आकडे सांगावेत की काळजाला हात घालावा, असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात. याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच पडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थांनी ध्यास घेतला की देशात कारखाने निघावेत, आणि त्यांचे भांडवल सामान्य माणसाच्या खिशातून यावे. त्यांनी मागितले काय? प्रत्येकाकडून एक पैसा. या उपक्रमाचे नावच ‘पैसा फंड’ पडले. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे सुटले, त्याचाही या कामाला हातभार लागला.

त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया. लाख माणसांनी दिले तरी दीड हजारांच्या थोडे वर. निव्वळ हिशेबी माणूस म्हणेल, हा वेडेपणा आहे. दोन सावकार गाठले असते तर काम लवकर झाले असते. परंतु काळ्यांच्या मागणीचे मर्म निराळे होते. पैसा देणारा हमाल भीक घालीत नव्हता, तो कारखान्याचा संस्थापक होत होता. त्याच्या गरिबीची कीव कोणी केली नाही. त्याच्या मानाला साद घातली. शिवाय दुःख लांबचे नव्हते. हातातली बांगडी आणि दिव्याची चिमणी परदेशातून येत होती, हे घरोघरी दिसत होते. जी भावना ऐकणाऱ्याच्या घरात आधीच नांदत असते, तिला फार शब्द लागत नाहीत.

आता याची दुसरी बाजू पाहा. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तेथे परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तज्ज्ञ आणावे लागले. भावनेने पैसा जमला, पण भावनेने वाळू वितळत नाही. तिला चौदा-पंधराशे अंशांची भट्टी लागते आणि सोडा-चुन्याचे अचूक प्रमाण लागते. तळेगावात शिकलेली माणसे पुढे देशातल्या काचधंद्यात पसरली. लोकांच्या एका पैशाची परतफेड झाली ती अशी.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. तो सुटला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. नांदेडच्या मोठ्या गिरणीचे नावच उस्मानशाही. नावातच राज्यकर्ता होता. पुढे नांदेडातल्या कापडगिरण्या बंद पडल्या आणि कुशल हात रिकामे झाले. आज त्या घरांतल्या लेकीसुना धंद्यासाठी कर्ज मागायला उभ्या राहतात. त्यांनी रडावे काय? आम्ही म्हणतो, नाही. समजा, एखादीने सांगितले : “माझ्या सासऱ्यांनी गिरणीत कापड विणले. आम्ही दहाजणी त्याच गल्लीत शाळेचे गणवेश शिवतो. दोन यंत्रे हवीत. दोन वर्षांत फेडू, ही पाहा वही.” पाच वाक्यांचेही हे बोलणे नाही, पण त्यात मान आहे, मागणी आहे आणि हिशेब आहे.

हिशेबावर आमचा भर का, तेही सांगतो. ‘आपल्या माणसाची संस्था’ एवढ्या एका वाक्यावर ठेवी गोळा करणाऱ्या मंडळी आपल्या भागातही निघाल्या आणि बुडाल्या. रिक्षावाल्याची, हमालाची, मोलकरणीची पुंजी गेली. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. फसवणुकीची बातमी त्या सोळाही रस्त्यांनी बाहेर जाते, आणि मागून येणाऱ्या प्रामाणिक माणसाला दार बंद होते. खोट्या भावनेचा खरा तोटा हाच. ती एकट्याला बुडवीत नाही, साऱ्या गावाचा विश्वास आटवते.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच : भावना जरूर मांडा, लाजू नका. पण ती उसनवारी आहे हे ध्यानात ठेवा. ऐकणाऱ्याने विश्वास दिला की त्या घटकेपासून आपण त्याचे देणेकरी झालो. काळ्यांनी मागितला एक पैसा, आणि त्या पैशामागे धगधगती भट्टी उभी राहिली. आपल्या शब्दांमागे काय उभे राहणार आहे, हे आधी ठरवावे आणि मग तोंड उघडावे.