प्रदर्शनाच्या नफ्यांतून

विद्यार्थ्यास दूरदेशीं जाऊन शास्त्रसंशोधन करावयाचें झालें म्हणजे बुद्धीच्याही आधीं पैशाचा प्रश्न उभा राहतो. हा पैसा कोठून येतो व कोणाच्या हातीं पडतो, याच्या इतिहासांतील एक प्रकरण येथें सांगावयाचें आहे.

इ. स. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमधील काचेच्या महालांत जें जागतिक प्रदर्शन भरलें, तें पाहावयास सुमारें साठ लाख माणसें लोटलीं आणि खर्च वजा जातां १,८६,००० पौंड शिल्लक उरले. प्रिन्स आल्बर्टच्या अध्यक्षतेखालील कमिशनानें त्यांतून साउथ केन्सिंग्टन येथें जमीन घेतली. तीवर पुढें संग्रहालयें व विद्यालयें उभीं राहिलीं. १८९१ सालीं याच निधींतून शास्त्रीय संशोधनासाठीं शिष्यवृत्त्या सुरू झाल्या: दरसाल १५० पौंड, दोन वर्षेंपर्यंत.

उमेदवाराची शिफारस त्याच्या विद्यापीठानें करावयाची. आणि उद्योगधंद्यांस उपयोगी अशा शास्त्रांत स्वतंत्र संशोधनाची शक्ति त्यानें दाखविलेली असावी, अशी अट होती. न्यूझीलंडच्या वांट्यास ही शिष्यवृत्ति दोन वर्षांतून एकदांच येई. १८९५ च्या खेपेस दोन उमेदवार होते. ऑकलंडच्या जेम्स मॅक्लॉरिनचें काम सायनाइडच्या द्रावणांत सोनें कसें विरघळतें यासंबंधीं. ख्राइस्टचर्चच्या अर्नेस्ट रदरफोर्डचें काम विजेच्या द्रुत ठिणग्यांनीं लोखंडांत चुंबकत्व कसें येतें याविषयीं. सोन्याच्या खाणींच्या देशांत यांतला कोणता विषय उद्योगास अधिक जवळचा, हें सांगावयास नको. निवड मॅक्लॉरिनची झाली, आणि हातीं असलेल्या कागदांवरून पाहतां ती चुकीची होती असें आमच्यानें म्हणवत नाहीं! पण मॅक्लॉरिननें शिष्यवृत्ति नाकारली, म्हणून ती रदरफोर्डकडे आली. प्रवासासाठीं त्यास कर्ज काढावें लागलें.

दुसराही एक योग जुळून आला. तोंपर्यंत केंब्रिजमध्यें अन्य विद्यापीठांच्या पदवीधरांस संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश नसे. त्याच वर्षीं नियम बदलला, आणि जे. जे. टॉमसनच्या प्रयोगशाळेचें दार रदरफोर्डला उघडें झालें. डॉक्टरेट मात्र त्याच्या समोर नव्हती, पीएच. डी. ही पदवी केंब्रिजनें पहिल्या महायुद्धानंतर काढली.

याच शिष्यवृत्तीनें रदरफोर्डच्या एका शिष्यास निराळाच प्रसाद दिला. जेम्स चॅडविक हा मँचेस्टरचा विद्यार्थी. शिष्यवृत्ति घेतली म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेंत जाणें भाग. म्हणून १९१३ सालीं तो बर्लिनला गायगरकडे गेला. पुढच्याच वर्षीं युद्ध पेटलें, आणि हा शत्रुराष्ट्राचा प्रजाजन रूलेबेनच्या शर्यतीच्या मैदानावरील तबेल्यांत युद्ध संपेपर्यंत अडकून पडला. तेथेंही त्याचे प्रयोग चालूच होते. थोरियम घातलेली जर्मन दंतपेस्ट मिळवून त्यानें तिच्या किरणोत्सर्गाचा अभ्यास केला. न्यूट्रॉनचा शोध त्यानें लावला तो १९३२ सालीं.

आमच्या वाचकांस अधिक जवळचें नांव होमी भाभांचें. मुंबईंत जन्मलेल्या भाभांनीं १९३५ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली आणि पुढें त्यांस याच प्रदर्शन-निधीची वरिष्ठ शिष्यवृत्ति मिळाली. १९३९ सालीं ते सुटीसाठीं हिंदुस्थानांत आले असतां दुसरें महायुद्ध सुरू झालें व परतणें राहून गेलें. मग ते बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत रुजू झाले.