प्रथिनांचे शर्कराबंधन, मधुमेहातील : चंद्रपूर–गडचिरोली

रक्तातील जादा साखर एन्झाइमच्या मदतीशिवाय प्रथिनांना चिकटते व त्यांचे काम बिघडवते, ती क्रिया. ग्लायकेशन हे तिचे रूढ नाव. प्रकार-२ मधुमेहात डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांना होणाऱ्या इजेमागे ही क्रिया मोठ्या प्रमाणावर असते. चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा विषय स्वतंत्रपणे मांडावा लागतो. येथे सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराचे वाहक व रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि इजेचा अंदाज देणारी सर्वमान्य चाचणी हिमोग्लोबिनवरच केली जाते.

क्रिया : साखर व अमिनो आम्ले तापवली असता होणारा तपकिरी बदल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये नोंदवला. शरीरात तोच बदल मंद गतीने चालतो. ग्लुकोज प्रथिनातील लायसीनसारख्या अमिनो आम्लाशी जुळते. सुरुवातीचा बंध सुटू शकतो, पुढे तो पक्का होतो आणि शेवटी प्रथिनांचे धागे एकमेकांत अडकतात. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे तीन आठवड्यांत अर्धे बदलते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्वचेतील कोलॅजेन मात्र वर्षानुवर्षे तेच राहते आणि डोळ्याच्या भिंगातील प्रथिने जन्मभर बदलत नाहीत. म्हणून जुन्या प्रथिनांतली इजा साखर उतरल्यावरही लगेच भरून येत नाही.

मापन : शर्कराबद्ध हिमोग्लोबिन मधुमेहींत वाढते, हे इराणी वैद्यक सॅम्युएल रहबार यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून रुग्ण ओळखतात ती एचबीए१सी चाचणी त्यातूनच आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी ६.५ टक्क्यांची मर्यादा मान्य केली. मात्र चाचणीत अडथळा आणणारी स्थिती रुग्णाला नसावी, ही अटही घातली. गोंड, माडिया, परधान आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात सिकलसेल आढळणाऱ्या या पट्ट्यात ती अट कळीची ठरते. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी १९५८ मध्येच लिहिले होते.

सिकलसेलचा जनुक दोन्ही पालकांकडून आलेल्या, म्हणजे एसएस पॅटर्नच्या रुग्णात नेहमीचे ‘ए’ हिमोग्लोबिन नसतेच आणि तांबडी पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. साखर चिकटायला तिला पुरेसा वेळच मिळत नाही. रक्त चढवले असेल तर अहवालातला आकडा रक्तदात्याच्या पेशींमुळेही बदललेला असतो. तो जनुक एकाच पालकाकडून आलेल्या, म्हणजे एएस पॅटर्नच्या वाहकात फरक लहान असतो. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांवरील २०१७ च्या अभ्यासात तेवढ्याच साखरेला वाहकांचा आकडा सुमारे ०.३ टक्के-अंकांनी कमी आला. तो फरक येथे जसाच्या तसा लावता येत नाही. याउलट लोहाच्या कमतरतेने आकडा खोटा वाढतो. एकाच बाईला रक्तक्षयही असेल आणि ती वाहकही असेल, तर दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात आणि अहवाल वरवर निर्धास्त वाटतो. अशा वेळी बोटाच्या थेंबाची उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पुन्हा पुन्हा पाहणे हाच भरवशाचा मार्ग. फ्रुक्टोसामीन चाचणीत अल्कधर्मी द्रावणातले पिवळसर रंजक शर्कराबद्ध प्रथिनांमुळे जांभळे होते व रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढतात. ती मागील दोन-तीन आठवड्यांची स्थिती सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नाही. पण रक्तातील प्रथिने घटलेली असतील, तर तिचाही भरवसा कमी होतो. मधुमेहाचे औषध ठरवण्याआधी सिकलसेलचा पॅटर्न विचारला जावा, ही या जिल्ह्यांपुरती तरी किमान अपेक्षा आहे.

इजा कमी करणे : सर्वांत भक्कम पुरावा साखर आटोक्यात ठेवण्याचाच आहे. ब्रिटनमधील १९९८ च्या दीर्घ पाहणीत एचबीए१सी ७.९ ऐवजी ७.० राखणाऱ्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. धानपट्ट्यात ताट भाताने भरते; भात कमी करून त्याजागी डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी वाढवणे हा परवडणारा बदल. मोहफुलांत ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही भरपूर असतात आणि परीक्षानळीत फ्रुक्टोज प्रथिनांना ग्लुकोजपेक्षा वेगाने बांधते; खाल्लेल्या फुलांचा परिणाम यावरून थेट काढता येत नाही, तरी मधुमेह्याने ती जपून खावीत. तंबाखूच्या धुरातही प्रथिनांना जोडले जाणारे क्रियाशील घटक असतात. तेंदूपाने तोडणाऱ्या या जिल्ह्यांत बिडी सोडण्याचा सल्ला म्हणूनच साखरेच्या औषधाइतका महत्त्वाचा. खर्रा या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला धूर नसला, तरी तोंडाचा कर्करोग आहेच. दारू व तंबाखूविरुद्ध गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ अभियान चालते. तळलेल्या व भाजलेल्या अन्नातून येणारी शर्कराबद्ध प्रथिने कितपत घातक, यावर एकमत नाही.

औषधे : शर्कराबंधन रोखू पाहणारे अमिनोग्वानिडीन चाचण्यांत मागे पडले, अन्य कोणतेही औषध केवळ या कामासाठी रूढ झालेले नाही.

संशोधन : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गटाने २०१२ मध्ये, अल्ब्युमिन कमी असलेल्या मधुमेहींत इतर प्रथिनांचे शर्कराबंधन अधिक दिसते, असे मांडले. अल्ब्युमिन साखर स्वतःवर घेते आणि बाकीच्यांना वाचवते, असा त्याचा अर्थ लावला जातो. कुपोषणाचा इतिहास असलेल्या भागात हे तपासण्याजोगे आहे. पुण्यातच झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन हे प्रतिऑक्सिडीकारक दिले गेले. वयस्कांत एचबीए१सी उतरल्याचे दिसले. चंद्रपुरातील हिमोग्लोबिनविकार संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्राचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. सिकलसेल आणि मधुमेह एकत्र असलेल्या रुग्णांसाठी स्थानिक मापदंड बसवायचे, तर त्याची स्वाभाविक जागा हे केंद्रच आहे.