पत्रिका सोडली, रक्ततपासणी कधी?

वरवंड, पाटस, केडगाव, चौफुला या पट्ट्यात आपल्या समाजात लग्न जमते तेव्हा बहुतेक घरांत पत्रिका कोणी काढत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण ती सोडली, आणि त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. पण वधू-वर परिचय मेळाव्याचा फॉर्म हातात घेऊन पाहा. उंची, रंग, शिक्षण, नोकरी, शेती, पोटजात (हो, अजूनही!) आणि शेवटी 'अपेक्षा'. लैंगिक संसर्गाची तपासणी केली आहे का, हा प्रश्न तिथे नाही. तो फॉर्मवर नसावाच, असे मीही म्हणेन. पण तो त्या दोघांच्या बोलण्यातही नसतो. माझी तक्रार तिथे आहे.

विषय काढला की ठरलेले उत्तर येते : "आपल्या पोरांना तसलं काही नसतं. ते ड्रायव्हर लोकांचं, कला केंद्रावरच्या बायांचं." पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला राहणाऱ्या आपल्या तोंडी हे वाक्य इतके सहज कसे येते? मित्रहो, हे वाक्य आपले नाही. त्याला इतिहास आहे.

इंग्रजांच्या छावण्यांत गोऱ्या शिपायांमध्ये गरमी आणि परमा पसरला, तेव्हा सरकारने १८६४ च्या छावणी कायद्याने आणि पुढे १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने उपाय शोधला. शरीरविक्रय करणाऱ्या बायांची नावनोंदणी करायची, ठरावीक मुदतीने त्यांची अंगतपासणी करायची, रोग आढळला तर बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचे. तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची मात्र नोंद नाही आणि त्याला कोंडवाडाही नाही. विलायतेत आणि इथे विरोध झाल्यावर १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण रोग बाईच्या अंगात असतो, तोही 'तसल्या' बाईच्या, ही समजूत रद्द झाली नाही. तपासणी म्हणजे शिक्षा, हा अर्थ आपल्या समाजमनात तेव्हापासून घट्ट बसला.

त्यात जातीने भर घातली. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी बाईवर बंधने घालून. म्हणजे आपल्याकडे लग्नाआधीची तपासणी होत नव्हती असे नाही. ती कडकच होती! कुळ, पोटजात आणि मुलीचे चारित्र्य तपासले जाई. तपासायची ती शुद्धता, आरोग्य नव्हे. मुलाचे चारित्र्य विचारण्याची पद्धतच नव्हती.

या मुळावर महाराष्ट्रात घाव घातला तो र. धों. कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तक लिहिले. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, ते १९५३ मध्ये मरेपर्यंत. गुप्तरोग हे पापाचे फळ नाही, तो रोग आहे, आणि रोगावर प्रतिबंध व औषध असते, एवढी साधी गोष्ट ते सांगत होते. त्यासाठी सनातन्यांनी त्यांना कोर्टात खेचले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी उत्तरे दिली, हा गुन्हा! लैंगिक शिक्षण हाच ज्या मासिकाचा विषय, त्याने अशा प्रश्नांना उत्तर देणे अश्लील कसे, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

या खटल्यात अस्पृश्यांचा काही संबंध होता का? वरवर पाहता नव्हता. येवल्याच्या घोषणेला अजून एक वर्ष होते आणि बाबासाहेबांना कामांची कमतरता नव्हती. तरी ते उभे राहिले, कारण शरीराविषयीचे ज्ञान दडवणे आणि वेदांचे ज्ञान दडवणे या एकाच वृत्तीच्या दोन गोष्टी आहेत. १९३८ मध्ये त्यांच्याच पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावणाऱ्या आपल्या तरुणांपैकी किती जणांना हा वारसा माहीत आहे?

पुढे एचआयव्ही आला आणि लॉक हॉस्पिटलचे भूत परत उठले. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. तपासणीत एचआयव्ही आढळला म्हणून पोलिसांनी त्याला नेले आणि ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. २००६ मध्ये त्याच गोव्यात लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याची भाषा सरकारने केली. तो विचार कायद्यात उतरला नाही, हे बरेच झाले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांनी तरी विषाणूचा नवा विटाळ मानू नये.

पण सक्ती नको म्हणजे तपासणी नको, असे नाही. पुण्यातलेच उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, शरीरविक्रय न करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी केला. १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या स्त्रियांमध्ये १३.६ टक्के जणींना एचआयव्ही होता. बहुतेक विवाहित होत्या, नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध नव्हता. त्यांचा धोका एकच : नवरा.

आणि गावात काय होते? गरोदरपणात बाईचे रक्त आधी तपासले जाते. अहवाल आधी तिचा येतो, म्हणून रोग "हिनेच आणला" असे ठरते आणि तिला माहेरी धाडले जाते. परमा आणि क्लॅमायडिया बाईमध्ये पुष्कळदा काही लक्षण न दाखवता राहतात, गर्भनलिका खराब करतात. मग मूल होत नाही आणि वांझ ठरते तीच. १८६८ चा कायदा गेला, पण त्याची अंमलबजावणी सासू करते आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. नवे नाते जोडण्याआधी, मग ते ठरवून केलेले लग्न असो, प्रेमविवाह असो, पुनर्विवाह असो की लग्नाशिवायचे नाते असो, दोघांनी तपासणी करावी. दोघांनी, एकाच वेळी, स्वतःच्या मर्जीने. अहवाल एकमेकांना दाखवावा, मामा-काकांना आणि मेळाव्याच्या मंडळाला नव्हे. २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. इतर गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक आहेत. १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. एचआयव्हीबरोबर गरमी आणि हिपॅटायटिस बी यांचीही तपासणी करावी. संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तो अहवालात दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

काही निघाले तर? गरमी, परमा, क्लॅमायडिया औषधाने बरे होतात. हिपॅटायटिस बी वर लस आहे. एचआयव्हीवर मोफत औषध मिळते, आणि ते नियमित घेऊन विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली राहिले तर जोडीदाराला शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. तेव्हा लग्न मोडायचे की नाही, हे त्या दोघांनी माहिती घेऊन ठरवावे. माहिती नसताना घेतलेला निर्णय हा निर्णयच नसतो.

१९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, असे सांगितले. पंचशीलातले तिसरे शील आपण प्रत्येक लग्नात म्हणतो. मग बरोबरीची जोडीदार "तू तपासणी केलीस का?" एवढे विचारते तेव्हा तिला निर्लज्ज म्हणणारे आपण कोण? त्या प्रश्नाला उत्तर देता येत नसेल, तर नवरदेवाने बोहल्यावर चढण्याची घाई करू नये.

जय भीम!